रिकाम्या ट्रॉलीचे दिवे पासिंगलाच का रुसतात? सात पिनांच्या सॉकेटमधील वारंवार उद्भवणारा दोष

आदल्या रात्री ट्रॉलीचे सगळे दिवे व्यवस्थित लागतात आणि सकाळी पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या योग्यता तपासणीच्या, रांगेत उभे राहून डावा इंडिकेटर दिला की दोन्ही टेल लाइट लुकलुकू लागतात, ही तक्रार नागपुरात, वाडी परिसरातील माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात इतक्या वेळा आली आहे की ट्रॅक्टर दारात थांबण्यापूर्वीच दोष कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. मालकाने तोपर्यंत बल्ब बदललेले असतात, होल्डर बदललेले असतात, कधी फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) नवा बसवलेला असतो. दोन-तीन महिने काम भागते आणि पावसाळा सुरू झाला की तोच दोष परत येतो. तो दिसतो दिव्यांत, पण बहुतेक वेळा असतो ट्रॅक्टरच्या मागील सात पिनांच्या सॉकेटमध्ये किंवा त्यात बसणाऱ्या ट्रॉलीच्या प्लगमध्ये. आणि तो सापडत नाही, कारण सॉकेटची तपासणी प्लग काढून, भार न देता केली जाते.

हे टिपण मुख्यत्वे १२ व्होल्टच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी आणि पिकअपमागे जोडल्या जाणाऱ्या लहान ट्रेलरसाठी आहे. घोडा-ट्रेलरची, म्हणजे ट्रकचे ओढणारे इंजिन आणि त्यामागील मोठा ट्रेलर यांची, विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते. तिच्यातील फरक पुढे स्वतंत्रपणे दिला आहे.

तपासणीविषयी थोडक्यात

भाड्याने माल वाहणाऱ्या ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचे योग्यता प्रमाणपत्र लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ मध्ये या प्रमाणपत्राची तरतूद आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ६२ नुसार वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याचे नूतनीकरण दोन वर्षांसाठी, तर त्यानंतर एकेका वर्षासाठी होते. म्हणजे जी ट्रॉली जुनी, जिच्या वायरी कडक झालेल्या आणि जिचे सॉकेट झिजलेले, तिच्यावरच ही परीक्षा दरवर्षी येते. वाहन शहराच्या एमएच ३१ चे असो, पूर्व नागपूरच्या एमएच ४९ चे असो किंवा ग्रामीणच्या एमएच ४० चे, मागचे दिवे लागत नसतील तर ते परत पाठवले जाणार, हे गृहीत धरावे.

बाहेरच्या देशांत या जोडणीकडे स्वतंत्र बाब म्हणून पाहिले जाते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या वाहन-तपासणी निर्देशात ओढणारे वाहन आणि ट्रेलर यांच्यातील विद्युतजोडणी हा वेगळा मुद्दा असून त्यात तीन गोष्टी पाहावयाच्या असतात: जोडणीचे भाग घट्ट बसलेले आहेत का, वायरींचे आवरण शाबूत आहे का आणि जोडणी प्रत्यक्षात काम करते का. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत तर तेरा पिनांचे सॉकेट उपकरण लावून चालवून पाहतात, परंतु सात पिनांच्या सॉकेटची केवळ बळकटी आणि तुटफूट पाहतात. आपल्याकडील बहुतेक सॉकेटे सात पिनांचीच असल्यामुळे मला ही गोष्ट थोडी गमतीची वाटते, कारण माझ्या अनुभवात बाहेरून धडधाकट दिसणारे सात पिनांचे सॉकेटच सर्वांत जास्त फसवते.

अकरा बल्बांची पिशवी

कामठी रोडकडून राखेच्या विटा वाहणारे एक ट्रॉलीमालक गेल्या वर्षी दुसऱ्यांदा परत पाठवले गेल्यावर माझ्याकडे आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षभरात काढून टाकलेले अकरा बल्ब होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, "भाऊ, रात्री पाहिले तेव्हा सगळे लागत होते ना जी, सकाळीच काय झालं?" मी ते बल्ब एकेक करून थेट बॅटरीवर लावले आणि अकरापैकी नऊ लख्ख पेटले.

रात्री त्यांनी दिवे पाहिले तेव्हा ट्रॉली विटांनी भरलेली होती. सकाळी विटा उतरवून त्यांनी रिकामी ट्रॉली पासिंगला नेली. सगळी मेख या फरकात होती. ट्रॉलीच्या प्लगमधील अर्थिंगची, म्हणजे दिव्यांचा करंट परत नेणारी, पांढरी वायर आत स्क्रूपाशी तुटलेली होती, पण तुटल्याचे कोणाच्या लक्षात येत नव्हते, कारण दोनचाकी ट्रॉली भरलेली असताना तिच्या ड्रॉबारचे (ओढण्याच्या पुढच्या दांड्याचे) वजन ट्रॅक्टरच्या हुकावर दाबून बसते आणि दिव्यांचा परतीचा करंट लोखंडाला लोखंड लागून हुकातूनच ट्रॅक्टरच्या चासिसकडे जातो. ट्रॉली रिकामी झाली की हाच ड्रॉबार हुकात खडखडतो, मध्ये ग्रीस आणि मातीचा थर असतो आणि परतीचा रस्ता कधी जुळतो, कधी तुटतो. वर्षभर भरल्या ट्रॉलीने रस्त्यावर दिवे दाखवले आणि तपासणीच्या दिवशी, रिकाम्या ट्रॉलीने, दगा दिला.

परतीचा रस्ता तुटल्यावर करंट थांबून राहत नाही. तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. ब्रेक आणि टेल यांचा मिळून जो दोन तंतूंचा बल्ब असतो त्यात २१ वॅटचा तंतू ब्रेकसाठी आणि ५ वॅटचा तंतू टेलसाठी असून दोघांचे अर्थिंग एकच, म्हणजे बल्बची पितळी टोपी. अर्थिंग तुटलेले असताना आणि टेल लाइट बंद असताना ब्रेक दाबला की करंट ब्रेकच्या तंतूतून टोपीपर्यंत येतो, तिथून उलटा टेलच्या तंतूत शिरतो, टेलच्या वायरीने ट्रॅक्टरकडे परततो आणि ट्रॅक्टरच्या टेल लाइटमधून चासिस गाठतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टरचे टेल लाइट मिणमिणू लागले, किंवा इंडिकेटरबरोबर ट्रॉलीचे टेल लाइट लुकलुकू लागले, तर बल्बांना हात लावू नये आणि सरळ अर्थिंग पाहावे. एकच दिवा बंद असून बाकी सगळे स्वच्छ लागत असतील, तर मात्र तो बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्या एका पिनेची वायर पाहणे योग्य ठरते.

पिनांचे क्रमांक आणि रंग

१२ व्होल्टच्या सात पिनांच्या सॉकेटचे प्रमाण आयएसओ १७२४ हे आहे. त्यात पहिली पिन डाव्या इंडिकेटरची असून तिची वायर पिवळी असते. दुसरी निळी, मागच्या फॉग लाइटची, आपल्याकडे बहुधा रिकामी. तिसरी पांढरी, अर्थिंगची. चौथी हिरवी, उजव्या इंडिकेटरची. पाचवी तपकिरी, उजव्या टेल लाइटची. सहावी लाल, ब्रेकची. सातवी काळी, डाव्या टेल लाइटची. क्रमांक सॉकेटच्या आतील प्लॅस्टिकवर बारीक अक्षरांत कोरलेले असतात आणि धूळ पुसल्याशिवाय ते दिसत नाहीत.

२४ व्होल्टच्या सॉकेटचे प्रमाण आयएसओ ११८५ हे आहे. रंग तेच असले तरी क्रमांक निराळे आहेत: पहिली पिन अर्थिंगची, दुसरी डाव्या टेल लाइटची, तिसरी डाव्या इंडिकेटरची, चौथी ब्रेकची, पाचवी उजव्या इंडिकेटरची, सहावी उजव्या टेल लाइटची आणि सातवी ट्रेलरच्या ब्रेक-नियंत्रणासाठी राखीव. ट्रकवर हात बसलेला वायरमन ट्रॉलीचा प्लग सवयीने या क्रमाने जोडतो तेव्हा ट्रॅक्टरच्या डाव्या इंडिकेटरची पहिली पिन ट्रॉलीच्या अर्थिंगला जाऊन भिडते. हुकाचा संपर्क चांगला असेल तर डावा इंडिकेटर देताच फ्यूज उडतो. संपर्क नसेल तर फ्यूज टिकतो आणि दिव्यांचा गोंधळ दिसतो. हा घोळ इतका बेभरवशाचा वाटतो की मालक कंटाळून जास्त अँपिअरचा फ्यूज घालून मोकळा होतो, आणि मग पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज मोठा करणे हा उपाय कधीच नाही. वायरींचे रंगही जुन्या ट्रॉलीत विश्वासाचे नसतात, कारण मध्ये कोणीतरी मिळेल त्या वायरीचा तुकडा जोडलेला असतो. म्हणून दोन्ही बाजूंना क्रमांक पाहूनच खात्री करावी.

भार देऊन केलेली तपासणी

मल्टिमीटरचा आतील रोध इतका मोठा असतो की वायरीतील वीस-तीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्या एका तारेतून मीटरपुरता करंट सहज जातो, पण दिव्यांपुरता जात नाही. म्हणून रिकाम्या सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घालून "सप्लाय येतोय" असे म्हणणे म्हणजे तपासणी नव्हे. त्याऐवजी जुन्या होल्डरला दोन वायरी जोडून २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प करावा. तो १२ व्होल्टवर जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो आणि कमकुवत जोड लगेच उघडा पाडतो.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात आणि मीही उमेदवारीच्या काळात बरीच वर्षे केली. टेस्ट लॅम्पचा एक चिमटा ट्रॅक्टरच्या चासिसला लावतात आणि दुसरे टोक एकेका पिनेला टेकवतात. वायर असलेल्या बाकी सगळ्या पिना दिवा पेटवतात, सॉकेट उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो आणि तिसरी पिन, जिच्यात दोष आहे, ती तपासलीच जात नाही. टेस्ट लॅम्पचे एक टोक चासिसला न लावता तिसऱ्या पिनेलाच लावावे आणि दुसऱ्याने बाकीच्या पिना पाहाव्यात. दिवा चासिसवर लख्ख आणि तिसऱ्या पिनेवर मंद लागला, तर ट्रॅक्टरकडील दोष सापडला.

यानंतर प्लग लावून खरी परीक्षा घ्यावी. सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना मागे-पुढे दगड लावावेत, ड्रॉबारखाली भक्कम लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली हुकातून सोडवावी आणि ट्रॅक्टर वीतभर पुढे घ्यावा, मात्र केबल जोडलेलीच ठेवावी. आता हुकाचा चोरटा रस्ता बंद झालेला असतो. सगळे दिवे लावून, एकाला ब्रेक दाबायला बसवून, मागे उभे राहून पाहावे. इथे दिवे मंदावले किंवा विझले, तर ट्रॉली आजवर हुकावर जगत होती हे निश्चित समजावे.

दोषाची नेमकी जागा शोधण्यासाठी याच अवस्थेत मल्टिमीटर उपयोगी पडतो. त्याची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला लावून ठेवावी आणि दुसरी ट्रॉलीच्या बल्बच्या होल्डरला लावावी. दिवे लागलेले असताना येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवता कामा नये. एक व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास दुसरी सुई टप्प्याटप्प्याने पुढे आणावी: होल्डरवरून ट्रॉलीच्या चासिसवर, तिथून प्लगच्या मागील तिसऱ्या स्क्रूवर, मग सॉकेटच्या मागील तिसऱ्या स्क्रूवर, मग ट्रॅक्टरच्या चासिसवर. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम खाली येतो, त्या दोहोंमध्ये दोष आहे. पाच मिनिटांचे हे काम पाच बल्बांचा खर्च वाचवते.

लहानशा रोधाने एवढे काय बिघडते, असे विचारले जाते. दोन टेल, दोन ब्रेक आणि एक इंडिकेटर मिळून ७३ वॅट होतात, म्हणजे तिसऱ्या पिनेतून एका वेळी सुमारे सहा अँपिअर परततात. त्या पिनेवर गंजामुळे केवळ अर्धा ओहम रोध आला तरी अडीच व्होल्टांच्या आसपास दाब तिथेच खर्च होतो, तंतूच्या बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो आणि त्या इवल्याशा पिनेवर बारा वॅटच्या घरात उष्णता तयार होते. सॉकेट उघडल्यावर तिसऱ्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन ओघळलेले दिसते ते यामुळे. असे ओघळलेले सॉकेट घासूनपुसून वापरू नये, बदलावे.

दुरुस्ती टिकावी म्हणून

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की जसा हिरवा कळंक चढतो, तसाच थर सॉकेटमधील पिनांवर आणि वायरींच्या टोकांवर चढलेला असतो. पिनांवरील थर बारीक पॉलिश पेपरच्या गुंडाळीने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो. वायरीच्या टोकाचा मात्र घासून निघत नाही, कारण ओल वायरीच्या आवरणाखालून तारांच्या फटींतून आत चढलेली असते. वायर थोडी थोडी कापत मागे जावे आणि तांबे लखलखीत दिसेल तिथे थांबावे. काळ्या पडलेल्या तारांवर केलेला जोड एक पावसाळाही टिकत नाही. टोकाला दाबून बसवलेली लग (धातूची टोपी) लावावी, नुसत्या पिळलेल्या तारा स्क्रूखाली दाबू नयेत, आणि केबलचे वजन स्क्रूंवर न येता प्लगच्या मागील पट्टीवर येईल अशी ती पट्टी कसावी. वीटवाल्या ट्रॉलीची पांढरी वायर तुटली होती ती ही पट्टी गायब असल्यामुळेच. प्रत्येक वळणावर केबल ओढली जात होती आणि ओढ थेट स्क्रूपाशी येत होती.

ज्या पितळी पिनेला मधोमध चीर असते ती दबून बारीक झाली असेल, तर पातळ स्क्रूड्रायव्हरने अगदी केसभर फाकवावी. जास्त जोर केला तर ती मुळापाशी मोडते. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. चाकांचे ग्रीस भरू नये, त्यात विटांची धूळ बसून खळ तयार होते.

अर्थिंगची वायर तिसऱ्या पिनेपासून ट्रॉलीच्या चासिसपर्यंत नेऊन सोडून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तिथून पुढे करंटने गंजलेल्या बोल्टांमधून, रंगाच्या थरांमधून दिव्यापर्यंतचा रस्ता शोधावा अशी अपेक्षा असते. माझ्या मते २.५ चौरस मिलिमीटरची वायर तिसऱ्या पिनेपासून थेट दोन्ही मागच्या दिव्यांच्या होल्डरपर्यंत न्यावी आणि वाटेत एका ठिकाणी, रंग खरवडून, चासिसलाही जोडावी. ट्रॅक्टरच्या बाजूलाही तिसऱ्या पिनेची वायर मडगार्डच्या पत्र्याला न लावता बॅटरीच्या ऋण केबलच्या बोल्टापर्यंत न्यावी. हे एकदा झाले की हुकावर अवलंबून राहण्याचा प्रश्न उरत नाही.

बल्ब बसवतानाची एक वाईट सवय इथेच नोंदवतो. दोन तंतूंच्या बल्बच्या टोपीवरील दोन खुंट्या मुद्दाम कमी-अधिक उंचीवर असतात, जेणेकरून तो एकाच बाजूने बसावा. बसत नाही म्हणून खुंटी घासून बल्ब उलटा कोंबलेला मी अनेकदा पाहिला आहे. मग टेलच्या जागी २१ वॅट आणि ब्रेकच्या जागी ५ वॅट लागतात, आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला तो कळत नाही.

घोडा-ट्रेलरच्या बाबतीत

२४ व्होल्टवर तोच २१ वॅटचा बल्ब जेमतेम ०.९ अँपिअर घेतो, त्यामुळे तेवढ्याच गंजावर दाब कमी खर्च होतो आणि दोष अधिक काळ लपून राहतो. एलईडी दिवे लावलेल्या ट्रेलरवर तर कळकलेली पिनही दिवा झकास पेटवते. अशा ट्रेलरचे इंडिकेटर मात्र घाईने लुकलुकू लागतात, कारण फ्लॅशरला कमी भार दिसतो आणि बल्ब गेल्याचा समज होतो. मिनिटाला ६० ते १२० ही इंडिकेटरची मर्यादा असल्यामुळे दहा सेकंदांत वीसपेक्षा जास्त उघडझाप मोजली गेली, तर एलईडीसाठीचा फ्लॅशर घालावा किंवा योग्य रेझिस्टर जोडावा. एबीएसचे, म्हणजे चाके लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक-प्रणालीचे, सॉकेट वेगळे असते, त्याचे प्रमाण आयएसओ ७६३८ आहे. त्यात टेस्ट लॅम्पची टोके घालू नयेत.

पाणी कुठून येते

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, सॉकेटच्या झाकणाखालील रबर कडक होऊन तडकते, झाकणाची स्प्रिंग सैल पडते आणि जूनच्या पहिल्या सरीत पाणी थेट आत जाते. म्हणून झाकण आणि रबर पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस पाहावे. सॉकेट बसवताना झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला आणि पाणी निघण्याचे छिद्र खालच्या बाजूला येईल असे बसवावे; छिद्र चिखलाने बुजले असेल तर काडीने मोकळे करावे. कोळसा किंवा राख वाहणाऱ्या गाड्यांत ओली भुकटी पिनांच्या मध्ये साचते, तीही याच वेळी काढावी.

प्लगची अवस्था याहून वाईट असते. ट्रॉली सोडली की प्लग ड्रॉबारवरून लोंबतो किंवा जमिनीवर पडतो, आणि पुढच्या वेळी चिखलासकट सॉकेटमध्ये दाबला जातो. त्या वीटवाल्या ट्रॉलीच्या ड्रॉबारवर मी एक जुने, वायरी नसलेले सॉकेट तोंड खाली करून बोल्टाने बसवून दिले. ट्रॉली सोडल्यावर प्लग त्यात खोचून ठेवायचा. सॉकेट भंगारातले होते, बोल्ट तेवढे दोन नवे लागले.